पाटीवर आकडा आहे, नावं कुठं आहेत? गावच्या स्मशानभूमीपासून सैनिकांचा इतिहास कसा शोधायचा

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर या भागांतल्या बऱ्याच गावांत चावडीच्या भिंतीत, जुन्या शाळेच्या ओट्याशी किंवा देवळाच्या आवारात एक पांढरी संगमरवरी पाटी बसवलेली असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावर मजकूर असतो. दोन आकडे असतात, नाव एकही नसतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात कामी आलेले तिथले ४६ जण गाव अजून आठवणीत ठेवून आहे. बाकीच्या शेकडो गावांतली पाटी मात्र चुन्याखाली नाहीतर फ्लेक्सच्या मागे गेली आहे.

हा लेख त्या आकड्यामागची नावं शोधण्याबद्दल आहे. कुठून सुरुवात करायची, दगड कसा वाचायचा, कोणत्या दप्तरात काय सापडतं, परदेशातल्या स्मारकावर आपल्या गावचं नाव कसं हुडकायचं आणि ते कुठंच नसेल तर काय करायचं, हे मी ओळीने सांगणार आहे. एका गावाला पाच-सहा महिन्यांचे रविवार सहज लागतात. तेवढी तयारी ठेवून सुरुवात करा.

आधी कबर नसण्याचं कारण समजून घ्या

युरोपातल्या खेड्यात चर्चच्या आवारात गेलं की सैनिकाची कबर नावानिशी सापडते. आपल्याकडे तसं होत नाही. हिंदू आणि शीख सैनिकांना रणांगणावर जमेल तिथे अग्नी दिला गेला, राख जवळच्या नदीत गेली. मुसलमान आणि ख्रिस्ती सैनिक परक्या मातीत पुरले गेले. म्हणून परदेशात मेलेल्या माणसाची खूण गावच्या मसणवट्यात बहुधा नसतेच. जी असते ती परत आलेल्याची, म्हणजे पेन्शन खाऊन गावात म्हातारा झालेल्या सुभेदाराची, हवालदाराची, किंवा आजारी होऊन घरी पाठवलेल्या आणि वर्ष-दोन वर्षांत गेलेल्या शिपायाची. या शेवटच्या माणसाकडे विशेष लक्ष ठेवा. तो का महत्त्वाचा ते पुढे येईल.

त्यामुळे शोध दोन बाजूंनी चालवावा लागतो. गावात ज्यांच्या खुणा आहेत त्यांची नोंद ही एक बाजू. ज्यांची खूण गावात नाही पण परदेशातल्या एखाद्या भिंतीवर किंवा वहीत आहे त्यांचा शोध ही दुसरी.

स्मशानभूमीची पाहणी

पहिल्या दिवशी वही काढू नका, माणसांना भेटा. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, सरपंच आणि पोलीस पाटलांना सांगा. कबरस्तान असेल तर जमातीच्या जबाबदार माणसाची आणि ख्रिस्ती दफनभूमी असेल तर पाळकांची परवानगी घ्या. लिंगायत समाजाची दफनभूमी वेगळी असते, तिथेही हेच. नगर जिल्ह्यात मिशनच्या काळापासूनची ख्रिस्ती कुटुंबं आहेत आणि त्यांच्यातले बरेच जण फौजेत होते. तिथल्या लहान लहान दफनभूमी अजिबात सोडू नका. कुणाच्या समाधीला हात लावण्याआधी घरच्यांना विचारायचं, हा नियम शेवटपर्यंत पाळायचा.

मग जागेचा नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत मिळते. स्मशानभूमीचा गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्यावरून पाहून घ्या. कागदावर जागेची आकृती काढून तिचे चौकोन पाडा आणि प्रत्येक समाधीला, चौथऱ्याला, दगडाला क्रमांक द्या. क्रमांक कागदावरच राहू द्या, दगडावर रंगाने लिहू नका. मोबाइलमध्ये प्रत्येक खुणेचं ठिकाण नोंदवता येतं, तेही नोंदवा. नदीकाठच्या स्मशानात पुराने आणि वाळूउपशाने जागा बदलत जातात. दहा वर्षांनी तो दगड कुठे होता हे कुणी विचारलं, तर उत्तर देता यायला हवं.

जुन्या गावांत याच आवारात किंवा वेशीजवळ वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य. हेही लढून मेलेल्यांचेच दगड आहेत, पण काळ शेकडो वर्षं मागचा. त्यांची यादी वेगळी करा. ते हलवू नका आणि शेंदूर लावू देऊ नका. 'हा आमच्या खापरपणजोबांचा, बसऱ्याच्या लढाईतला' असं कुणी वीरगळाकडे बोट दाखवून सांगितलं, तर ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, पण दोन याद्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

दगड वाचणं

इथे घाई केली तर जे वाचायला आलो तेच पुसून बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संगमरवर मऊ असतो. ॲसिड, फरशी पुसायचं द्रावण, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर यांतलं काहीही त्याला लागू देऊ नका. ॲसिडने दगड पांढराशुभ्र निघतो खरा, पण अक्षरांच्या कडा विरघळतात आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत ती सपाट होतात. स्वच्छ पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि भरपूर वेळ एवढंच सामान लागतं. दगड आधी चांगला भिजू द्या, मग खालून वर हलक्या हाताने ब्रश फिरवा. वरून सुरुवात केली की मळके ओघळ कोरड्या भागावर उतरून डाग धरतात. शेवाळ निघत नसेल तर राहू द्या. पापुद्रे सुटणाऱ्या दगडाला पाणीसुद्धा लावू नका, नुसता फोटो घ्या.

चुन्याचे थर चढलेले असतील तर ते खरवडण्याचा मोह आवरा. एखादा टवका आपोआप सुटत असेल तर लाकडी चपट्या काडीने तेवढाच काढावा. ऑइलपेंटखाली गेलेल्या अक्षरांसाठी जाणकार माणूस शोधा.

पुसट अक्षरं वाचायला हळद, पीठ, खडू, राख काहीही चोळू नका. त्यापेक्षा कितीतरी चांगली युक्ती आहे. अंधार पडल्यावर जा आणि विजेरी दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ टेकवून धरा. उजेड तिरपा पडला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि दिवसा कोरी दिसणारी पाटी बोलू लागते. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो घ्या. एका बाजूच्या उजेडात न दिसलेली वेलांटी दुसऱ्या बाजूला दिसते. दिवसाच काम करायचं असेल तर आरशाने ऊन तिरपं पाडा.

नोंद करताना दगडावर आहे तसंच उतरवा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, 'शिपाइ' असेल तर 'शिपाइ' लिहा. न दिसलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाज शेजारच्या रकान्यात लिहा. दगडाची जात, मोजमाप, कोणत्या दिशेला तोंड, कोरीव चिन्हं हेही लिहा. शकाचं वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९. जुन्या चौथऱ्यावर मोडी दिसली तर घाबरू नका. तिरप्या उजेडातला फोटो मोडी जाणणाऱ्याला दाखवला की काम होतं.

घराघरांतल्या ट्रंका

दगडाहून जास्त माहिती घरात मिळते. 'तुमच्याकडे लढाईची काही माहिती आहे का' असं विचारलं की उत्तर हमखास 'नाही' येतं. 'जुनं पदक, बिल्ला, पेन्शनचं पुस्तक, फौजेतला फोटो, टपालाचा लिफाफा असं काही आहे का' असं विचारा. मग माळ्यावरची ट्रंक खाली येते.

पदक हातात आलं की चेहऱ्याकडे नव्हे, कडेकडे बघा. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या गोल पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर हीच माहिती मागच्या बाजूला असते. हेच गोल पदक काशाचं असेल, तर तो माणूस लढाऊ शिपाई नसून मजूर किंवा सेवक म्हणून गेला असण्याची शक्यता मोठी. त्यालाही यादीत तितकाच मान द्या. ओझी वाहणारे, खेचरं हाकणारे, जखमींच्या डोल्या उचलणारे हे लोक सगळ्यांत आधी विसरले गेले आहेत.

कुणाच्या घरात ताटलीएवढी, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची जड चकती निघेल. तिच्यावर सिंहाजवळ उभी असलेली स्त्री आणि एका चौकटीत उठावदार अक्षरांत नुसतं नाव. हुद्दा नाही, नंबर नाही. ही मेलेल्या सैनिकाच्या वारसाला सरकारने दिलेली स्मृतिचकती. ती सापडली म्हणजे तो माणूस युद्धसेवेत गेला याचा भक्कम पुरावा हाती आला.

आमच्या घरातलं चांदीचं पदक माझ्या पणजीने एका लग्नाच्या वेळी सोनाराकडे देऊन जोडवी करून घेतली. त्या घराला तेव्हा जोडवी हवी होती, पदक नव्हे. त्यात गैर काही नाही. पण कडेवरचा तो नंबर गेला तो गेलाच, आणि तो नसल्यामुळे मला एका माणसामागे दीड वर्ष हिंडावं लागलं. म्हणून सांगतो, पदक दिसलं की त्याच बैठकीत कडेचे फोटो घ्या. पॉलिश करू नका, ताब्यात मागू नका, विकत घ्यायची भाषा तर मुळीच नको.

आजीच्या तोंडचे शब्द

म्हाताऱ्या माणसांकडे तारखा नसतात, शब्द असतात. त्या शब्दांवरून पलटण ओळखता येते. 'बसऱ्याला गेला' म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. एखादी आजी 'काळी पाचवी' म्हणाली तर ते कोडं नव्हे. मुंबई फौजेची पाचवी पलटण १९०३ मध्ये १०५ क्रमांकाची झाली आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन झाली, तिचंच हे लाडकं नाव. 'जंगी पलटण' म्हणजे तिसरी, मग १०३ क्रमांकाची, आजची पहिली मराठा.

हे आकडे नीट कळल्याशिवाय पुढचं काम अडतं. १९०३ मध्ये मुंबई फौजेच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले. त्यामुळे पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांनी लढल्या. १९२२ मध्ये त्या सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ही तिची पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही बेळगावची प्रशिक्षण बटालियन. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या कागदावर 'तीन भागिले पाच' असं दिसलं की पाचव्या मराठाची तिसरी बटालियन असं वाचायचं. महार सैनिकांची १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात सुरू झाली. मधल्या वीस वर्षांत घरातल्या कुणाची नोकरी सापडत नसेल, तर ती का नाही याचं उत्तर या दोन तारखांत आहे. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे फौजेचे इंजिनिअर, आणि पायोनियर पलटणी यांतही आपली माणसं पुष्कळ होती.

बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, पण आधी विचारून. जात्यावरच्या ओव्यांत फौजेत गेलेल्या भावाचा, मुलाचा उल्लेख असतो. म्हाताऱ्या बायकांना त्या म्हणायला सांगा. 'कोण गेलं' यापेक्षा 'कोण परत आलं नाही' हा प्रश्न जास्त उघडतो. आणि 'त्याच्या बायकोचं पुढं काय झालं' हे विचारलं की खरा इतिहास सुरू होतो.

तहसीलचं दप्तर

कुणबी नोंदींच्या शोधामुळे कोतवाल बुक हा शब्द आता घरोघरी माहीत झाला आहे. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते, काही ठिकाणी छायाप्रती निघाल्या आहेत. परदेशात मेलेला शिपाई त्यात बहुधा सापडणार नाही, कारण तिथे गावात घडलेले मृत्यू लिहिले जात. पण परत येऊन गावात गेलेला माणूस सापडेल, तारखेसह आणि मृत्यूच्या कारणासह. १९१८ ची पानं उघडाल तेव्हा मन घट्ट करा. इन्फ्लूएन्झाच्या साथीत घरंच्या घरं गेली आहेत आणि ती पानं संपता संपत नाहीत.

परदेशात मेलेल्यासाठी मात्र फेरफार बघा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंदवही, गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही म्हणजे ६-क. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, म्हणजे पहिलं महायुद्ध नेमकं या दप्तराच्या सुरुवातीच्या काळात येतं. ज्याच्या नावावर जमीन होती तो लढाईत गेला की आज ना उद्या त्याच्या विधवेचं किंवा भावाचं नाव लावावं लागे, आणि कधी कधी तलाठ्याने मृत्यूचं कारणही एका ओळीत लिहिलेलं असतं. मृत्यूनंतर दोन, पाच, दहा वर्षांनीही फेरफार पडतो. त्यामुळे १९१५ पासून १९३० पर्यंतची सगळी पानं चाळा. प्रत हवी असेल तर रीतसर अर्ज करून शिक्क्यासह नक्कल घ्या, पुढे ती पुरावा म्हणून लागते. ज्याला जमीनच नव्हती त्याची नोंद इथे नसणार. दलित आणि भूमिहीन घरांतले शिपाई या दप्तरातून निसटतात, म्हणून त्या वस्त्यांत तोंडी आठवणींसाठी दुप्पट वेळ द्या.

परदेशातल्या भिंतींवर

आता दुसरी बाजू. राष्ट्रकुल युद्धकबर आयोग (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) ही संस्था २१ मे १९१७ ला स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं ती सांभाळते. तिच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो. नावं इंग्रजीत आहेत आणि तिथेच आपली गाडी अडते.

पलटणीच्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. पवार शोधताना पहिल्या अक्षरानंतर 'ए' आणि 'ओ' दोन्ही घालून बघा. जाधवच्या शेवटी 'व्ही', 'डब्ल्यू', 'ओ' यांतलं काहीही असेल. शिंदेत 'एच' असेल किंवा नसेल. पुष्कळांचं आडनावच नाही, नुसतं 'रामा' किंवा 'गणू' आणि पुढे बापाचं नाव. म्हणून नावाने सुरुवात करूच नका. पलटण आणि युद्ध निवडा, मग जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका. पुष्कळ नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा, मुंबई' अशी ओळ असते. जिल्हे त्या काळचे लक्षात ठेवा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता, फलटण, औंध, सांगली, कोल्हापूर ही संस्थानं होती. गावाच्या नावाची दहा तरी स्पेलिंगं कागदावर लिहून एकेक तपासा. बायकोचं नाव दिलेलं असेल तर ती ओळ सोन्याची समजा, कारण फेरफारातल्या विधवेशी ती जुळवता येते.

एक पक्कं उदाहरण घेऊ. नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, माणगाव तालुक्यातलं पळसगाव. इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ ला, तुकडीतले सगळे पडल्यावर, त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांना कबर नाही. त्यांचं नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानेही त्यांचं स्मारक उभारलं. ही नोंद आधी उघडून बघा. कोणता रकाना कुठे असतो आणि नाव कसं लिहिलंय हे कळलं की आपल्या गावचा शोध सोपा जातो.

पहिल्या महायुद्धातली मराठा माणसं सर्वांत जास्त सापडतात ती मेसोपोटेमियाच्या याद्यांत. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या पलटणी कुत-अल-अमारात अडकल्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला, लोक घोडे-खेचरं मारून जगले, आणि शरणागतीनंतर सुमारे १३ हजार जण कैदेत गेले. वाळवंटातून चालत नेताना आणि रेल्वेच्या कामावर किती मेले याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. या काळातल्या मृत्यूच्या तारखेवर फार विसंबू नका, महिना-वर्ष धरून चाला.

बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त लोकांची आठवण आहे. ते १९२९ मध्ये उघडलं तेव्हा भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि हिंदी शिपायांचा पलटणीनिहाय फक्त आकडा दिला. अमाराच्या डाव्या तीरावरच्या हिंदी कब्रस्तानात सुमारे ५ हजार जण आहेत, ओळख पटलेले फक्त ९. आपल्या चावडीतल्या पाटीवर आकडाच का आहे, हे मला तिथे कळलं. गावात आकडा, बसऱ्यातही आकडाच. दोन्ही टोकांना एकाच माणसाचं नाव गहाळ. वह्यांत मात्र पुष्कळ नावं उतरवलेली होती आणि आज ती शोधता येतात.

बसऱ्यात नाव नसेल तर इजिप्तमधल्या हेलिओपोलिसची यादी बघा. पोर्ट तौफिकचं मूळ स्मारक लढायांत मोडल्यावर तिथली नावं १९८० मध्ये हेलिओपोलिसला आणली गेली. फ्रान्समध्ये नव्ह शापेलचं स्मारक आहे. इंग्लंडात ब्रायटनजवळच्या टेकडीवर, जिथे ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला तिथे, १९२१ मध्ये छत्री उभारली, पण त्या ५३ जणांची नावं दगडावर यायला २०१० उजाडलं. दुसऱ्या महायुद्धासाठी कसिनो, एल अलामीन, केरेन, सिंगापूर, रंगून, इंफाळ, कोहिमा. कोकणातल्या वाचकांनी खलाशांना विसरू नये. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी गृहातलं स्मारक पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून जास्त दर्यावर्दींचं आहे आणि दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांहून जास्त जणांची नावं तिथे पुस्तकात लिहिलेली आहेत. रत्नागिरीच्या खाड्यांवरची कितीतरी घरं त्यात आहेत. खडकीचं युद्धस्मारकही एकदा पायी फिरून बघा. तिथली ओळ, अंतर, अक्षरं बघितली की आपल्या गावच्या पाटीला काय द्यायला हवं होतं ते समजतं.

नाव कुठेच नसेल तर

हे घडतं, आणि चूक तुमची नसते. आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावाने नोंद झालीच नाही किंवा अजिबातच दखल घेतली गेली नाही. त्यांत आफ्रिकी लोक सर्वाधिक, पण हिंदी सैनिक आणि सेवकही आहेत.

अशा नावासाठी आयोगाकडे अर्ज करता येतो. पहिल्या महायुद्धासाठी मृत्यूची तारीख ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या दरम्यान हवी, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. मृत्यू नोकरीत असताना झालेला हवा. नोकरी सुटल्यानंतरचा असेल तर तो युद्धसेवेत जडलेल्या आजारामुळे किंवा जखमेमुळे झाला हे दाखवावं लागतं.

म्हणूनच सुरुवातीला त्या आजारी होऊन परत आलेल्या शिपायाकडे लक्ष ठेवा म्हटलं. समजा तो १९१७ मध्ये छातीच्या दुखण्याने घरी आला, १९१९ मध्ये गेला आणि तुमच्या स्मशानभूमीत त्याचा बिननावाचा चौथरा आहे. त्याचा सुटकेचा दाखला किंवा पेन्शनचा कागद, पदकावरचा नंबर, आणि कोतवाल बुकातली कारणासह मृत्यूची नोंद हे तिन्ही जुळले, तर तो युद्धात गेलेला म्हणून नोंदला जाऊ शकतो. तोंडी आठवण एकटी पुरत नाही. पण कोणता कागद शोधायचा हे तीच सांगते. अर्ज पाठवताना प्रत्येक कागदाची नक्कल, मराठी-मोडी मजकुराचं इंग्रजी भाषांतर आणि नाव कसं कसं लिहिलं गेलंय याचा छोटा तक्ता जोडा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून पोहोच जपून ठेवा.

स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांचं काम त्या मानाने सोपं. १९४७ नंतरच्या लढायांत आणि मोहिमांत गेलेल्यांची २५ हजारांहून जास्त नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर आहेत. ते २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं आणि त्यावरची नावं ऑनलाइन शोधता येतात. निवृत्त होऊन गावात वारलेल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि त्या त्या रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय आहे. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महारसाठी सागर, सॅपर्ससाठी खडकी. अर्जात सैनिकाचा नंबर असेल तर उत्तर येतं. नुसत्या नावावर येणं अवघड.

यादी गावापुढे ठेवणं

हाती जे आलं त्याचे तीन भाग करा. कागदाने सिद्ध झालेली नावं, एका कागदाचा आधार असलेली नावं, आणि फक्त आठवणीतली नावं. तिन्ही भाग दाखवा, पण वेगवेगळे. पाटीवर मृतांचा आकडा नऊ असेल आणि तुम्हाला सात सापडले, तर दोन ओळी कोऱ्या सोडा. आकडा जुळवण्यासाठी कुणाचंही नाव घुसडू नका. अकरा सापडले तरी घाबरू नका. पाटी करणाऱ्यांनी गाव कसं मोजलं, वाड्या धरल्या की सोडल्या, हे तपासायचं.

१५ ऑगस्टच्या किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ही यादी मोठ्याने वाचा. छापण्याआधी वाचा, छापून झाल्यावर नव्हे. कुणीतरी उठून म्हणेल, 'त्याचं नाव धोंडिबा नव्हे, कोंडिबा'. कुणी म्हणेल, 'आमच्या वाडीतला राहिला'. हे सगळं तिथेच लिहून घ्यायला एक माणूस बसवा. हुद्द्यांची उतरंड लावू नका, अकारविल्हे लावा, म्हणजे जमादार आणि डोलीवाला शेजारी येतात. हयात वारसांचे पत्ते, पेन्शनचे आकडे, घरगुती भांडणं जाहीर यादीत येऊ देऊ नका.

जुनी पाटी काढून नवी ग्रॅनाइटची बसवायचा उत्साह येईल. जुनी आहे तिथेच राहू द्या आणि नवी तिच्या शेजारी लावा. नवीवर प्रत्येक नावापुढे पलटण, मृत्यूचं वर्ष आणि आज त्याचं नाव जिथे आहे ते ठिकाण कोरा: बसरा, कसिनो, कोहिमा, नाहीतर आपल्याच ओढ्याकाठचा सतरा नंबरचा चौथरा. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवा आणि प्रत्येक पानावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख घाला. दोन कोऱ्या ओळी मात्र दगडावरही कोऱ्याच ठेवायला पाथरवटाला बजावून सांगा. आमच्याकडे अशी एक ओळ अजून रिकामी आहे, आणि दर पावसाळ्यानंतर पाटी धुताना आम्ही तीही धुतो.